सुळ्यासारखा शंख : ओळखायचा कसा आणि तो राहतो कुठे?



आजचा पाठ माझ्या एका चुकीपासून सुरू करते. पाठ समुद्रातल्या एका छोट्याशा प्राण्यावर आहे, पण चूक आधी सांगितली नाही तर पुढचं सगळं अर्धवट वाटेल.

माझी शाळा रत्नागिरी जिल्ह्यात आहे. शाळेपासून पुळण चालत दहा मिनिटांवर. वर्ग पाचवीचा, आणि निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली. मी स्वतः मात्र घाटावरची. डी.एड. होऊन नोकरी लागली तेव्हा मी समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला होता, तोही सहलीत. मागच्या जानेवारीत परिसर भेटीसाठी मुलांना पुळणीवर नेलं. प्रत्येकाने ओहोटीच्या रेषेवरून पाच वस्तू गोळा करायच्या, असं काम दिलं होतं. तिसऱ्यांच्या शिंपा, कालवांची कवचं, दोन-चार कवड्या, प्लॅस्टिकची झाकणं असा नेहमीचा माल जमला. एका मुलाने मात्र पांढरी, किंचित वाकडी, टोकाकडे निमुळती होत गेलेली एक वस्तू आणली. लांबी माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी.

“बाई, हत्तीचा दात!”

“हत्ती कुठून येणार इथे? कुत्र्याचा असंल,” दुसरा म्हणाला.

मला काही सांगता येईना. रात्री मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की हा टस्क शेल, म्हणजे सुळ्याचा शंख. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने फळ्यावर आकृती काढली. रुंद तोंड वर, निमुळतं टोक खाली वाळूत रुतलेलं, अगदी जमिनीत ठोकलेल्या खुंटीसारखं. खाली लिहिलं : हा प्राणी समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत राहतो. पुढच्या चाचणीत त्यावर एक प्रश्नही टाकला.

त्या चाचणीत एका मुलीने उत्तर लिहिलं होतं, “तो पाण्याखाली चिखलात राहतो. किनाऱ्यावर मेल्यावर येतो.” मी त्यावर लाल शाईची फुली मारली. फळ्यावर जे सांगितलं ते तिने लिहिलं नव्हतं, एवढंच तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसलं. ती मुलगी तशी बोलकी, हात सगळ्यात आधी वर करणारी. तो पेपर हातात मिळाल्यावर दोन-तीन दिवस तिचा हात वर आला नाही. चौथ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. हातात प्लॅस्टिकची बरणी, तिच्यात खारं पाणी आणि काळपट गाळ. तक्रार करायला आले नव्हते. म्हणाले, “मॅडम, पोरगी रडत होती म्हणून आणलंय. ही आमच्या जाळ्यात येतात. पंधरा-सोळा वावांत चिखल लागला की येतात. पुळणीवर जिवंत मी तरी नाय बघितला कधी.”

बरणीत सात सुळे होते. सहा रिकामे. सातव्याच्या रुंद तोंडातून पांढरट, जिभेसारखं काहीतरी हळूच बाहेर येत होतं आणि गाळात शिरत होतं. रुंद तोंडातून! म्हणजे राहण्याची जागा तर मी चुकवलीच होती, शिवाय आकृतीही उलटी काढली होती.

त्यानंतर हा पाठ मी नव्याने तयार केला. तो आज तुमच्यासाठी देते आहे. किनाऱ्यापासून लांबच्या शाळेतही तो घेता येतो. सुट्टीत गणपतीपुळे-तारकर्लीला जाऊन आलेल्या कुणाच्या तरी घरी हॉलमधल्या काचेच्या बरणीत शिंपले साठवलेले असतातच. त्यात एखादा सुळा निघण्याची शक्यता असते. नाही निघाला तरी पाठ अडत नाही.

नाव आणि कूळ

आम्ही वर्गात याला नुसतं ‘सुळा’ म्हणतो. मुलांना ते पटकन लक्षात राहतं. १७५८ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने याला डेंटॅलियम हे नाव दिलं, लॅटिनमधल्या दात या शब्दावरून. म्हणजे आमच्या वर्गातला मुलगा आणि लिनियस यांच्या मनात एकच गोष्ट आली. त्यातल्या एका जातीचं नाव तर त्याने हत्तीवरूनच ठेवलं आहे.

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांच्या वर्गीकरणात मृदुकाय संघ येतो. गोगलगाय, शिंपला, ऑक्टोपस ही मंडळी त्यातली. सुळा त्यांचाच भाऊबंद, पण त्याचा वर्ग वेगळा आहे. त्या वर्गाला स्कॅफोपोडा म्हणतात. ग्रीकमध्ये ‘स्कॅफे’ म्हणजे होडी आणि ‘पोड’ म्हणजे पाय. होडीच्या आकाराच्या पायाचा प्राणी! हे सांगितल्यावर आमच्या वर्गात जो आनंद झाला तो विचारू नका. आज जिवंत असलेल्या याच्या साधारण पाचशे ते सहाशे जाती माहीत आहेत आणि त्या सगळ्या समुद्रातल्या. गोगलगाय जमिनीवर आली, शिंपले नदीतही सापडतात. सुळा मात्र खाऱ्या पाण्याबाहेर कधी पडलाच नाही. भारताच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर तो मिळतो.

ओळखायचा कसा

पहिली आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आरपार भोक. वस्तू डोळ्यासमोर धरा आणि खिडकीकडे बघा. सुळा वाकडा असल्यामुळे समोरचं झाड सरळ दिसणार नाही, पण आत उजेड आलेला कळतो. आत वाळू अडकली असेल तर पाण्यात हलवून धुवा किंवा बारीक काडीने मोकळी करा. गोगलगायीचा शंख एकाच तोंडाचा असतो, शिंपल्याला दोन झाकणं असतात. दोन्ही टोकांना उघडी अशी अखंड नळी असलेलं कवच मृदुकाय प्राण्यांत दुसऱ्या कुठल्या वर्गाचं ओळखचिन्ह नाही.

दुसरी खूण आकाराची. नळी एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे हळूहळू निमुळती होते. बाक एकाच दिशेला असतो, सारखा आणि सौम्य. पीळ नाही, वेटोळं नाही. रंग बहुधा पांढरा, पण पिवळसर, गुलाबी, हिरवटही असतात. लांबी काही मिलिमीटरपासून सुरू होते, सगळ्यात मोठे साधारण १५ सेंटिमीटरचे. मुलांच्या हाती लागतात ते बहुतेक दोन ते सहा सेंटिमीटरमधले.

आता हात फिरवून बघा. काही सुळ्यांवर लांबीच्या दिशेने उभ्या कडा असतात, नखाने खरवडलं की करकर लागतात. काही अगदी गुळगुळीत आणि चकचकीत. शास्त्रज्ञ या वर्गाचे दोन मोठे गण करतात. एका गणातले सुळे तोंडाशीच सगळ्यात रुंद असतात आणि त्यांच्यावर कडा असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या गणातले लहान, गुळगुळीत, आणि त्यातले बरेचसे मधे किंचित फुगलेले, काकडीच्या बीसारखे. प्राथमिकच्या वर्गात एवढं पुरे. जातीचं नाव शोधायच्या मागे लागू नका. त्यासाठी निमुळत्या टोकाची खाच, कडांची संख्या, आडवा छेद असं बरंच बघावं लागतं, आणि पुळणीवर मिळालेल्या सुळ्याचं तेच टोक नेमकं तुटलेलं असतं.

फसवणारी मंडळी

मुलांनी पुढच्या महिनाभरात मला ‘बाई, सुळा!’ म्हणून निदान वीस वस्तू आणून दिल्या. त्यातले खरे सुळे चारच. पण उरलेल्या सोळांनीच मला जास्त शिकवलं, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

समुद्रात काही किडे स्वतःभोवती चुन्याची पांढरी नळी बांधतात. या नळ्या खडकाला, जुन्या शिंपल्याला, होडीच्या तळाला चिकटलेल्या असतात आणि वेड्यावाकड्या वळतात. नळीची एक बाजू चपटी असेल, कुठून तरी उखडल्याची खूण असेल, तर ती किड्याची समजावी. सुळा कशालाच चिकटत नाही, त्यामुळे त्याचा आडवा छेद चहूबाजूंनी घडलेला असतो. मात्र या किड्यांतला डिट्रुपा नावाचा एक पक्का बहुरूपी आहे. तो कशाला चिकटत नाही, त्याची नळी सुळ्यासारखीच बाकदार आणि मोकळी असते. १७७६ साली म्युलर या डॅनिश शास्त्रज्ञाने त्याला डेंटॅलियम म्हणूनच नोंदवलं होतं. किड्याची नळी आहे हे नंतर उमगलं. तेव्हा मुलं चुकली तर रागावू नका. मोठी माणसं चुकलेली आहेत, त्यात मीही.

काही किडे वाळूचे कण एकमेकांना चिकटवून सुबक निमुळती नळी करतात. ती नखाने दाबली की भुगा होते. समुद्री साळिंदराचे काटेही येतात. त्यांच्या बुडाशी वाटीसारखी छोटी खळगी असते आणि बहुतेक काटे आतून भरीव असतात. शिवाय हल्ली भरपूर मिळतात त्या प्लॅस्टिकच्या नळ्या : ज्यूसच्या स्ट्रॉचे तुकडे, कान कोरायच्या काड्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. दोन्ही टोकांना भोक, पण जाडी इथून तिथून सारखी. वीसपैकी सात वस्तू या निघाल्या. त्याबद्दल वेगळं काही बोलायची गरज पडली नाही, मुलांनीच त्यांचा वेगळा ढीग केला.

एक प्रयोग फसला तोही सांगते. मला वाटलं होतं, व्हिनेगरचा थेंब टाकला की खरा-खोटा सुळा कळेल. चुन्याची वस्तू फेसाळते ना! टाकला. सुळा फेसाळला, किड्याची नळी फेसाळली, साळिंदराचा काटाही फेसाळला. सगळेच चुन्याचे. प्लॅस्टिक तेवढं वेगळं पडलं. मुलांना मजा आली, पण ओळख पटवायला त्याचा फार उपयोग नाही. चांगल्या नमुन्यावर तर मुळीच करू नका, चकाकी जाते.

कवचच सांगतं तो कसा राहतो

हा पाठाचा गाभा आहे. मुलांच्या हातात सुळा किंवा कागदाचा नमुना द्या आणि विचारा : हा प्राणी वाळूत-गाळात पुरून घेऊन राहतो. मग कुठलं टोक खाली आणि कुठलं वर? बहुतेक जण माझ्यासारखंच म्हणतील, टोकदार बाजू खाली. खिळा तसाच ठोकतो आपण. मग पुढचा प्रश्न टाका : त्याचं तोंड आणि पाय कुठल्या बाजूने बाहेर येत असतील, आणि तो खातो काय?

सुळ्याचं डोकं आणि पाय रुंद टोकाला असतात. तो पायाने गाळ उकरत तिरका खाली शिरतो, रुंद टोक खाली आणि निमुळतं टोक वर. वरचं टोक गाळाच्या पृष्ठभागाशी किंवा त्याच्या जरासं बाहेर राहतं. खाली शिरण्याची त्याची पद्धत आपल्या कोकणातल्या मुलांना सांगायला फार सोपी आहे. पाय लांब करून गाळात खुपसायचा, मग पायाच्या कडेचा भाग फुलवायचा म्हणजे तो गाळात अडकतो, आणि मग पाय आखडून कवच खाली ओढायचं. होडीचा नांगर रुतला की दोर ओढून होडी नांगराकडे नेतात, तसंच.

खाणं जमिनीखालीच. डोक्याजवळून त्याचे शेकडोंच्या संख्येने असू शकणारे दोऱ्यासारखे बारीक धागे निघतात. प्रत्येकाच्या टोकाला छोटी चिकट गाठ. हे धागे गाळाच्या कणांमधून वाट काढत भक्ष्य शोधतात आणि तोंडाकडे आणतात. त्याचं आवडतं खाणं म्हणजे फोरामिनिफेरा. हे एकपेशीय जीव असतात, बहुतेक वाळूच्या कणाहून मोठे नाहीत, आणि त्यातल्या पुष्कळांना स्वतःचं चुन्याचं कवच असतं. सुळ्याच्या तोंडात किसणीसारखी दातेरी पट्टी असते, तिच्याने तो ती कवचं फोडतो. त्याला डोळे नाहीत. गाळात पुरलेल्याला डोळे कशाला, असं एका मुलाने विचारलं आणि उत्तरही त्यातच आलं.

आणि श्वास? त्याला कल्लेही नाहीत. वरच्या निमुळत्या टोकातून तो पाणी आत घेतो, शरीरावरच्या पातळ आवरणातून प्राणवायू शोषला जातो. मग दर काही मिनिटांनी जोराने आकसून तेच पाणी त्याच वाटेने बाहेर फेकतो. मलमूत्रही तिथूनच, नराचे शुक्राणू आणि मादीची अंडीही तिथूनच. म्हणजे वरचं टोक बंद झालं तर सगळा कारभार ठप्प. आता मुलांना पुन्हा विचारा, दोन्ही टोकांना भोक का? या वेळी तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

आणखी एक गंमत. प्राणी वाढतो तसं कवच रुंद टोकाला नवीन बांधलं जातं. मग निमुळत्या टोकाचं लहानपणीचं भोक मोठ्या शरीराला पुरणार कसं? त्यासाठी तो तिकडचं जुनं कवच थोडं थोडं विरघळवत जातो. एका बाजूला घर वाढवायचं आणि दुसऱ्या बाजूला जुनी खोली पाडायची. आमच्या वाडीत निम्म्या घरांचं हेच चाललेलं असतं, त्यामुळे वेगळं उदाहरण शोधावं लागलं नाही. बाकाची जी आतली बाजू आहे, जिला आपण सहज पोट म्हणू, ती त्याची पाठ. फुगीर बाजू पोटाची.

मग राहतो कुठे?

आता माझ्या त्या फुलीकडे येते. सुळा समुद्राच्या तळावरच्या मऊ थरात राहतो : वाळू, गाळ, चिखल, किंवा त्यांचं मिश्रण. ओहोटीच्या शेवटच्या रेषेच्या थोडं खालपासून काही जाती मिळतात, पण बहुसंख्य जाती त्याहून खोल पाण्यातल्या आहेत. ६,००० मीटरहून खोल समुद्रतळावरही सुळे सापडले आहेत. खडकावर तो राहू शकत नाही, कारण पाय रुतवायला जागा नाही. गोड्या पाण्यात नाही, नदीत नाही. थोडक्यात, ‘वाळूत’ हे माझं उत्तर अर्धं बरोबर होतं. ‘किनाऱ्यावरील’ या शब्दाने घोटाळा केला.

मी असं का लिहिलं? कारण मला तो तिथे मिळाला. वस्तू जिथे सापडते तिथलीच ती असणार, हे आपण किती सहज धरून चालतो! प्राणी मेला की आतलं शरीर कुजतं किंवा कुणीतरी खातं. मग रिकामी, हलकी नळी गाळातून सुटते आणि प्रवाहाबरोबर, लाटांबरोबर सरकत कधी तरी पुळणीवर येते. या प्रवासाच्या खुणा तिच्यावर असतात. निमुळतं टोक तुटलेलं, कडा झिजलेल्या, चकाकी जाऊन खडूसारखा पांढरा रंग. जाळ्यातला ताजा सुळा आणि पुळणीवरचा सुळा शेजारी शेजारी ठेवले की पाचवीचं मूलही सांगतं, कोण लांबून चालत आलंय.

कधी कधी सुळ्याच्या बाजूला टाचणीने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक दिसतं. तो लाटांचा मार नाही. वाळूत राहणाऱ्या काही शिकारी गोगलगायी कवचाला भोक पाडून आतला प्राणी खातात, त्यांचं काम ते. रिकाम्या सुळ्यात भाडेकरूही येतात. लहान शंखखेकड्यांच्या काही जाती आणि एका प्रकारचे समुद्री किडे या नळ्यांत घर करतात. म्हणून पाय हलले की सुळा जिवंत आहे असं लगेच समजू नका, आत कोण आहे ते आधी बघा.

वर्गात करून बघा

साहित्य घरचंच आहे. जुन्या वहीचा कागद शेंगदाण्याच्या पुडीसारखा गुंडाळून लांबट कोन करा, टोक कापून दोन्हीकडे भोक ठेवा आणि हलकासा बाक द्या. पारदर्शक बरणीत अर्धी ओली वाळू भरून कोन तिरका रोवा, रुंद तोंड खाली, टोक जरा बाहेर. वर हळूच पाणी ओतलं तर कागद विरघळतो, म्हणून आम्ही नंतर दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक वापरलं.

धाग्यांसाठी शिवणाचे दहा-बारा दोरे घ्या आणि टोकाला गाठी मारा. गाठी काकवीत बुडवा. एका ताटलीत कोरडा जाडा रवा पसरून त्यात चिमूटभर राई मिसळा. डोळे बांधून मुलाने दोरे ताटलीत फिरवायचे आणि किती राई निघाली ते मोजायचं. रवा चिकटतो, राईही चिकटते, तेव्हा खऱ्या सुळ्याला काय निवडायचं हे कळतं कसं, असा प्रश्न मुलंच काढतात. काकवी नसेल तर गुळाचं घट्ट पाणी चालतं. मुंग्या येतात, ताटली लगेच धुवा. शाळेत सूक्ष्मदर्शक किंवा चांगलं भिंग असेल तर ओहोटीच्या रेषेवरची बारीक वाळू वाळवून काळ्या कागदावर पसरा. त्यात नीट बघितलं तर फोरामिनिफेराची रिकामी कवचंही दिसतात, अगदी नक्षीदार.

पालकांना एक विनंती. पुळणीवरून रिकामे शंख दोन-चार आणायला हरकत नाही, पण जिवंत प्राणी उचलून घरी आणू नका. काही शंखांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ताजा नमुना बघायचा असेल तर मासेमारी करणाऱ्या ओळखीच्या माणसाला जाळ्यातल्या कचऱ्याकडे लक्ष ठेवायला सांगा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हा पाठ हिवाळ्यात घेतलेला बरा.

इतिहासाच्या तासालाही

सुळा आधीच दोन्ही बाजूंनी पोकळ असल्यामुळे त्यात दोरा ओवता येतो. माणसाने हे फार पूर्वी ओळखलं. आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भागात सुमारे बारा ते पंधरा हजार वर्षांपूर्वी नाटुफियन लोक राहत होते, त्यांच्या दफनांत सुळ्यांच्या मण्यांचे शिरोभूषण सापडले आहेत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर सुळे पैशासारखे चालत. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडचे युरोक लोक सुळ्यांच्या माळेची लांबी हातावर गोंदलेल्या खुणांशी लावून मोजत. सुळा जितका लांब तितकं मोल जास्त.

हे सुळे यायचे कुठून? कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे नू-चा-नुल्थ लोक ते काढायचे. होडीतून लांब काठ्या जोडून, टोकाला झाडूसारखा काटक्यांचा जुडगा बांधून तो समुद्रतळात खुपसायचे आणि काटक्यांत अडकलेले सुळे वर ओढायचे. पुळणीवर वेचून चांगले सुळे मिळाले असते तर एवढा खटाटोप कुणी केला नसता, आणि त्यांना पैशाची किंमतही आली नसती. आमच्या वर्गात हे ऐकल्यावर त्या मुलीने सगळ्यांकडे एकदा वळून बघितलं.

तिच्या पेपरवरची फुली मी वर्गासमोर खोडली आणि गुण दिले. त्याच दिवशी फळ्यावर नवी आकृती काढली, रुंद तोंड खाली, आणि बाजूला खोली लिहिली : सुमारे ३० मीटर. ती उठली आणि म्हणाली, “बाई, बाबा मीटर नाय बोलले. सोळा वाव बोलले.” वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर, साधारण सहा फूट. मीटर कंसात टाकून वर ‘१६ वाव’ लिहिलं. मग कुणीतरी म्हणालं, मोजून बघूया. शिपाईमामांना दोर धरायला उभं केलं आणि ते हात पसरत पुढे सरकले, मुलं मोठ्याने मोजत मागे. व्हरांडा नवव्या वावालाच संपला. दोर पायऱ्या उतरून मैदानात गेला, झेंड्याच्या खांबापर्यंत पोहोचला तेव्हा चौदा झाले होते, आणि अजून दोन वाव बाकी होते.